पूर ओसरल्यावर पाच मंडळं आणि एक वही

कळव्याच्या एका ताईंनी विचारलंय: "गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातला नाला फुगला आणि बैठ्या चाळींत दीड दिवस कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर पाच गट मदतीला आले. आमचं गणेशोत्सव मंडळ, शेजारचं गोविंदा पथक, ठाण्याचा एक ट्रेकिंग ग्रुप, मशिदीच्या कमिटीची मुलं आणि कॉलेजचे एनएसएसवाले, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं. पहिल्या चाळीतली घरं तीन-तीनदा धुतली गेली. नाल्याला लागून असलेल्या मागच्या चाळीत मात्र चौथ्या दिवसापर्यंत कुणी फिरकलं नाही. खिचडी उरली, टाकावी लागली. शेवटी बॅनरवरून वाजलं. यंदा पावसाआधीच सगळ्यांची मिळून संयुक्त समिती करायची म्हणतोय. अध्यक्ष, सचिव, खजिनदार कसे निवडावेत?"

ताई, निवडूच नका. अध्यक्ष ठरवता ठरवता आषाढ येईल आणि पाणी घरात शिरेल तेव्हा निम्मी माणसं रुसलेली असतील. समितीच्या जागी एक वही करा. हसू नका. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होतो, त्यामुळे वहीवर माझा विश्वास जरा जास्त आहे हे कबूल. पण पुरानंतरच्या कामात मी वीस वर्षं जी भांडणं पाहिली, त्यातली बहुतेक माणसांच्या स्वभावातून निघालेली नव्हती. कुठलं घर झालं आणि कुठलं राहिलं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती झाली.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच पावसात उल्हास नदीनं बदलापूर-कल्याणच्या बाजूला काय केलं, ते मात्र फारसं कुणी आठवत नाही. आमच्या मंडळानं दोन दिवसांत घरोघर फिरून टेम्पोभर जुने कपडे गोळा केले आणि कल्याणच्या सखल भागात नेले. तिथं नाक्यावर आमच्याआधी आलेल्या तीन टेम्पोंचे कपडे ढिगानं पडले होते आणि त्यावर एक गाय निवांत बसली होती. एक बाई पुढं आल्या आणि एवढंच विचारलं, "भाऊ, फावडं आणलंय का?" आमच्याकडं फावडं नव्हतं. परतीच्या वाटेवर मी ठरवलं की आधी विचारायचं, लिहून घ्यायचं, मग निघायचं.

आता तुमच्या पाच गटांकडं बघू. हे एकत्र आलेच नाहीत तरी चालेल, कारण प्रत्येकाकडं वेगळी चीज आहे. मंडळाकडं मांडव, कनात, जनरेटर, लाउडस्पीकर आणि पावतीपुस्तक सांभाळणारा खजिनदार आहे. गोविंदा पथकाकडं शंभर पोरं आहेत, तीही एका शिट्टीवर जागा घेणारी. तुम्ही ठाण्याच्या आहात, हे मी तुम्हाला काय सांगणार! ट्रेकर मंडळींकडं दोर, हेडटॉर्च, प्रथमोपचाराची पेटी आणि ओलं होऊन न कुरकुरण्याची सवय असते. मशिदीच्या कमिटीला शेकड्यांनी माणसं जेवू घालण्याचा अनुभव असतो, मोठी भांडी असतात. एनएसएसच्या मुलांचं अक्षर वाचता येतं आणि ती कुणाच्याही घरात न लाजता दहा प्रश्न विचारतात. यांची मोट बांधायला गेलात तर हे सगळं एकमेकांत कालवून पातळ होईल. गट आपापल्या नावानं, आपापल्या पैशानं, आपापल्या म्होरक्याखाली काम करू द्या. सगळ्यांनी बघायची वही तेवढी एक ठेवा.

आणि हो, तुमच्या यादीत सहावा गट राहिला. तुमच्या भागात महिला बचत गट असणारच. कुठल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कुठल्या घरात सुनेला आठवा महिना आहे, कुणाची खोली मालकीची आणि कोण भाड्यानं राहतंय, हे त्या बायांना तोंडपाठ असतं. वही त्यांच्यापैकी एकीच्या हाती द्या. दोन अटींवर. तिनं फावडं हातात घ्यायचं नाही आणि जागा सोडायची नाही. मांडवाखाली टेबल टाकून बसायचं. जी माणसं पळत असतात त्यांना बसलेला माणूस लागतो. आमच्याकडं पहिल्या दोन वेळा वही मीच धरली होती आणि दर तासाला "जरा बघून येतो" म्हणून उठत होतो. मी परत येईपर्यंत टेबलाभोवती चार माणसं एकमेकांना चुकीची माहिती देत उभी असायची.

वहीत एका खोलीला एक ओळ. खोली नंबर, घरातल्या कर्त्याचं नाव, माणसं किती, त्यात म्हातारी, तान्ही, आजारी किती, भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढलं होतं, फोटो काढले का, पंचनामा झाला का, गाळ निघाला का, धुऊन झालं का, वीज तपासली का. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे. "झालं" असं त्या घरात राहणाऱ्या बाईनं सांगायचं आणि सही किंवा अंगठा तिचाच. गटानं "झालं" म्हणायचं नाही. गटाच्या लेखी गाळ बाहेर पडला की काम संपतं. तिच्या लेखी चूल पेटते तेव्हा संपतं. दुसरी छोटी वही सामानाची: काय आलं, कुणाकडून, कुठं गेलं. नगरसेवक किंवा आमदार सामान घेऊन आले तर तेही याच वहीत उतरायचं, कारखान्यात माल उतरतो तसं. आनंदानं घ्यायचं, नोंद करायची आणि वाटप मात्र ओळीप्रमाणे. एकदा ही शिस्त लागली की पुढारीही फारसे वाद घालत नाहीत, उलट नोंद पाहून खूश होतात.

"व्हॉट्सॲप ग्रुप आहे की" असं कुणीतरी म्हणेलच. असू द्या, निरोपाला तो उत्तम. पण तिथं सकाळी नऊला पडलेला "मागच्या चाळीत रूम ७ ला आजी एकट्या आहेत" हा निरोप सव्वानऊपर्यंत तीस फोटो आणि वीस नमस्कारांखाली गाडला जातो. त्यात दोन दिवस वीज नसते, फोन मेलेले असतात. संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे, एवढं नातं पुरे.

आता तुमची मागची चाळ का राहिली? माणसं वाईट होती म्हणून राहिली नाही. मदतीला येणारा माणूस रस्त्यावरून आत येतो आणि पहिल्या दारात थांबतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवासी होते, सगळे सुखरूप निघाले, आणि ते काम खरंच मोठं झालं. पण त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राची नजर गाडीवर असताना बदलापुरात नदीकाठच्या घरांत गाळ बसत होता. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा रस्त्याकडच्या इमारतींच्या आवारात तीन गट होते आणि दोन गल्ल्या आत शिरलं तर चिटपाखरू नव्हतं. तेव्हापासून आम्ही कामाची वाटणी आतून बाहेर करतो. पहिला गट येईल त्यानं सगळ्यांत मागची, सगळ्यांत खालची ओळ घ्यायची. उशिरा येणाऱ्याला रस्त्यालगतची. कुणाला दर्शनी जागा हवी असेल तर त्यानं उशिरा यावं!

आणि वाटणी गल्लीनं करायची. "तुम्ही गाळ काढा, आम्ही धुतो, ते फवारतात" अशी कामानुसार वाटणी कागदावर छान दिसते, पण एका गटाचं अडलं की मागचे दोन गट हात बांधून उभे राहतात. एक गल्ली एका गटाची, पहिल्या घमेल्यापासून शेवटच्या सहीपर्यंत. फक्त तीन कामं सगळ्या गल्ल्यांत फिरती ठेवायची: वीज, औषधपाणी आणि पंप. त्यांना माहितगार माणूस लागतो आणि तो प्रत्येक गटाकडं नसतो.

गाळाच्या कामाचा अंदाज नवख्यांना अजिबात नसतो, म्हणून हिशेब मांडतो. दहा बाय बाराची खोली घ्या. त्यात चार इंच गाळ बसला तर तो झाला चाळीस घनफूट, म्हणजे एक घनमीटरहून थोडा जास्तच. ओल्या गाळाचं वजन दोन टनांच्या आसपास भरतं. एका घमेल्यात पंधरा किलो धरलं तर एकशे तीस घमेली, फक्त एका खोलीतून. चारजणांनी ये-जा करत उपसलं तर दुपारपर्यंत कंबर मोडते. आठ-दहाजणांनी साखळी करून घमेलं हातोहात दिलं तर दोन-अडीच तासांत खोली रिकामी होते. इथं गोविंदा पथकाला तोड नाही. ताल धरणं, एकमेकांच्या खांद्यावर विसंबणं, दमलेल्याला न बोलता बदलणं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. रिकामी घमेली परत फिरवायला दुसरी साखळी लागते, तिथं शाळकरी मुलं चालतात. गाळात उतरायला मात्र मुलं नकोत.

क्रम चुकला तर सगळं पाण्यात, शब्दशः. आधी गल्लीचं गटार मोकळं आहे का ते बघा, नसेल तर महापालिकेच्या माणसांकडून करून घ्या. मग सगळ्या घरांतला गाळ पाणी न टाकता, फावड्यानं उपसायचा. सगळ्या घरांतला. त्यानंतरच धुवायला घ्यायचं, आणि तेही वरच्या अंगाकडून खालच्या अंगाकडं, एकाच दिवशी. तुमच्याकडं पहिली चाळ तीनदा धुतली म्हणता, ते पाणी आणि तो रेंदा कुठं गेला असेल? मागच्या चाळीत. चौथ्या दिवशी तिथं गेलेल्यांना गाळ दुप्पट दिसला असणार. गाळ ओला असतानाच निघतो, ऊन पडलं की विटेसारखा बसतो आणि मग टिकाव लागतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस सोन्याचे. उपसलेला गाळ गटारात लोटायचा नाही. डंपर किंवा जेसीबी पोचेल अशा ठिकाणी ढीग करायचा आणि ढीग तीन: गाळ वेगळा, मोडकं फर्निचर आणि गाद्या वेगळ्या, कुजलेलं धान्य-अन्न वेगळं. मिसळलेला ढीग उचलायला कुणी राजी नसतं. भिजलेली कापसाची गादी उचलायला चार माणसं लागतात, हेही लक्षात असू द्या.

कळवा खाडीला लागून आहे, त्यामुळे आणखी एक गोष्ट: भरती. पावसाळ्यात कुठल्या दिवशी साडेचार मीटरच्या वर भरती आहे याची यादी वर्तमानपत्रांत आधीच येते. ती कापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. भरतीच्या वेळेला नाल्याचं पाणी खाडीत जात नाही, मागं फुगतं. त्या दोन-तीन तासांत गल्ली धुवायला घेतलीत तर धुतलेलं पाणी परत उंबऱ्याशी येतं. ओहोटी लागली की धुवा. नवी मुंबईत तर हे सगळं शहराच्या रचनेतच आहे. वाशी, नेरूळ, बेलापूरकडचा बराच भाग भराव टाकून उभा राहिलेला आणि भरतीच्या पातळीच्या खाली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं डच पद्धतीनं धारण तलाव बांधले: भरतीला दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला दारं उघडून खाडीत जातं. कल्पना झकास आहे. पण वर्षानुवर्षं त्यांत गाळ साचला, खारफुटी वाढली, आणि खारफुटीला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते, त्यामुळे तलाव उथळ झाले. तिथल्या सोसायट्यांतले स्वयंसेवक मला विचारतात, "काका, पंप लावूनही पाणी का हटत नाही?" कारण तुम्ही जिथं टाकताय तिथंच जागा नसते हो. घड्याळ बघून पंप लावा, डिझेल वाचेल.

फेकण्याआधी फोटो, हा नियम मात्र दगडावरची रेघ. सरकारी मदतीचा पाया पंचनामा आहे. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा महापालिकेची माणसं येईपर्यंत खोली चकचकीत करून ठेवलीत तर लिहिणार काय? भिंतीवर पाण्याची रेघ असते, तिच्याजवळ खडूनं खूण करा, मोजपट्टी धरून फोटो घ्या. मग फ्रिज, कपाट, धान्याचे डबे, मुलांची दप्तरं, प्रत्येकाचा वेगळा फोटो, घरातलं माणूस शेजारी उभं करून. पंचनाम्याला दोन दिवस लागले तर घाणीत बसून राहा असं मी म्हणत नाही. फोटो पक्के असतील तर गाळ काढा, मोडकं सामान एका बाजूला रचून ठेवा. भाडेकरूंचं नाव वहीत ठळक लिहा. खोली एकाची, भांडीकुंडी दुसऱ्याची, आणि यादीत नाव कुणाचं यावर नंतर जे रामायण होतं ते मी बऱ्याच चाळींत पाहिलंय. दुकानं, टपऱ्या, शिवणकामाची यंत्रं, वडापावच्या गाड्या यांचीही ओळ घाला. घराच्या यादीत धंदा नेहमी विसरला जातो.

शिवणयंत्रावरून आठवलं. बदलापूरलाच एका घरात गाळानं भरलेलं, गंज धरू लागलेलं पायाचं मशीन होतं. मुलांनी विचारलं, "काका, हे?" मी न बघता म्हणालो, "टाका." बाई तेव्हा रेशनच्या रांगेत होत्या. परत आल्या तर मशीन डंपरमधून गेलेलं. नंतर दुरुस्ती करणाऱ्यानं मला सांगितलं की असं मशीन स्वच्छ पाण्यानं धुऊन, वाळवून, रॉकेल आणि तेल पाजलं की बहुतेक वेळा पुन्हा चालतं. त्या बाईंचं सगळं घर त्या मशीनवर होतं. आम्ही वर्गणी काढून दुसरं घेऊन दिलं, त्यांनी घेतलंही, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. घरात घरचं माणूस हजर नसेल तर उंबऱ्याबाहेर एक चमचाही जायचा नाही, हे मी त्या दिवशी शिकलो आणि ते वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

कागदपत्रांचंही तसंच. ओली फाइल जोरानं उघडायची नाही. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून, सावलीत, पंखा असेल तर पंख्याखाली, पानं आपोआप सुटू द्यायची. आधार पुन्हा मिळतं, खोलीचा जुना करार किंवा पागडीची पावती पुन्हा मिळत नाही. एनएसएसच्या दोन मुलींना फक्त हेच काम द्या: दोरी, चिमटे, रद्दी.

अन्नाबद्दल थोडक्यात. पहिले दोन दिवस शिजवलेलं अन्न, एकाच ठिकाणी, आकडा वहीतून. रात्री नऊला वहीतली माणसं मोजायची आणि तेवढ्यांचाच शिधा काढायचा. बाकीच्यांनी त्या मुदपाकखान्याला तांदूळ, तेल, गॅस द्यावा. प्रत्येकानं आपली खिचडी आणू नये. तिसऱ्या दिवसापासून लोकांना खिचडी नको असते, आपला गॅस पेटवायचा असतो. तेव्हा शेगडी, शिधा, बादली, तांब्या. बायकांना सॅनिटरी पॅड, आतले कपडे, गाउन, आणि हे वाटायला बाईच असावी. जुने कपडे आणणाऱ्याला हात जोडा आणि परत पाठवा, मी गायीची गोष्ट सांगितलीच. पिण्या-वापराच्या पाण्याचा अंदाज घेताना आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर जे किमान प्रमाण मानतात ते घ्या, माणशी दिवसाला पंधरा लिटर, पिणं-रांधणं-अंगधुणं धरून. साठ खोल्या, तीनशे माणसं म्हणजे रोज साडेचार हजार लिटर. घरं धुवायचं पाणी त्याशिवाय.

आता जिवाशी असलेल्या गोष्टी, इथं कुणाचंही ऐकू नका. वीज: पाणी शिरलेल्या खोलीचा मेन स्विच परवानाधारक वायरमननं तपासल्याशिवाय चालू करायचा नाही, मग शेजारच्या खोलीत दिवा लागलेला असो. कळवा-मुंब्रा-शीळ भागात वीजवितरण २०२० पासून टोरंट पॉवरकडं आहे, खाडीपलीकडं ठाणे शहरात महावितरण. तक्रारीचा क्रमांक आत्ताच वहीत लिहा, त्या वेळी लोक चुकीच्या कंपनीला फोन लावत बसतात. टाकी: जमिनीखालच्या टाकीत, ड्रेनेजच्या चेंबरमधे कुणीही उतरायचं नाही. आत साठलेल्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. शिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमधे साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तिथं यंत्र आणि सामग्री असलेलीच माणसं बोलवा.

लेप्टोस्पायरोसिसला आपल्याकडं लोक हसण्यावारी नेतात. उंदीर-घुशी, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून जंतू पुराच्या पाण्यात येतो आणि पायावरच्या साध्या चिरेतून अंगात शिरतो. गमबूट आणि रबरी हातमोजे नसतील त्यानं गाळात उतरायचं नाही, मग तो पथकाचा सगळ्यांत वरचा गोविंदा का असेना. पाण्यात वावरलेल्यांना प्रतिबंधक गोळी द्यायची का, किती द्यायची, हे महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी ठरवायचं. गरोदर बाया आणि लहान मुलांचा हिशेब वेगळा असतो, म्हणून कुणीही पाकिटं वाटत सुटू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही विचारून घ्या. इथं वहीचा आणखी एक उपयोग. गाळात उतरलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाचं नाव आणि फोन शेवटच्या पानांवर लिहा आणि आठ-दहा दिवसांनी, मग पुन्हा महिन्याच्या आत फोन करा: "ताप, अंगदुखी, डोळे लाल?" हा आजार दोन दिवसांपासून तीस दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतो. तोवर पोरगं आपल्या घरी, आपल्या डॉक्टरकडं, आणि पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे सांगायचं विसरतं.

ब्लीचिंग पावडर म्हणजे रांगोळी नव्हे. गाळावर पांढरी पावडर शिंपडून फोटो चांगला येतो, पण गाळातल्या घाणीतच तिचा जोर संपतो. आधी गाळ काढा, धुवा, मग एका लिटरला तीस ग्रॅम या हिशेबानं द्रावण करून फरशी आणि भिंतींचा खालचा भाग पुसा. चांगल्या पावडरचं ते साधारण एक टक्क्याचं होतं. दारं-खिडक्या उघड्या ठेवून. संडास धुवायच्या ॲसिडबरोबर ती कधीही एकत्र करायची नाही, विषारी वायू सुटतो. आमच्या एका उत्साही मुलानं ते केलंय आणि तीन दिवस खोकलाय.

महापालिकेशी बोलणारा माणूस एकच असू द्या. पाच गटांनी प्रभाग समितीत पाच फोन केले तर पाच वेगळी उत्तरं मिळतात आणि डंपर एकच येतो, तोही भलत्या गल्लीत. पाणी चढलेलं असताना माणसं काढणं हे आपलं काम नव्हे. ठाणे महापालिकेचं स्वतःचं आपत्ती प्रतिसाद दल आहे, अग्निशमन दल आहे, एनडीआरएफ आहे, जिल्ह्याची सूत्रं आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडं असतात. तुमच्यातल्या कुणी आपदा मित्रचं, म्हणजे सरकारच्या आपत्ती स्वयंसेवक योजनेचं प्रशिक्षण घेतलं असेल तर दुवा म्हणून तो सगळ्यांत चांगला. २०२१ च्या जुलैत महाडला सावित्रीचा पूर आला तेव्हा ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांची सफाई पथकं तिकडं गेली होती. आम्हीही गेलो, स्वतःच्या दोन टेम्पोंनी, आणि बाजाराच्या अरुंद गल्लीत टेम्पो लावून कामाला लागलो. तासाभरानं मागं बघतो तर आमच्यामुळं गाळाचा डंपर अडकून पडलेला. ड्रायव्हरनं जे सुनावलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. तेव्हापासून गाड्या गावाबाहेर आणि सामान हातगाडीवर.

रोज सकाळी सातला, उभ्या उभ्या, पंधरा मिनिटं भेटा. प्रत्येक गटाचा एकच माणूस, आणि असा की ज्याला "हो" म्हणायला कुणाला विचारावं लागत नाही. वहीवाली बाई राहिलेल्या ओळी वाचेल, गट उचलतील, बस. भाषण झालं तर तिनं वही मिटावी. पैसा मात्र एकत्र करू नका. खर्चच वाटून घ्या: मंडळानं गमबूट, ट्रेकर्सनी औषधपेटी, कमिटीनं किराणा, पथकानं फावडी-घमेली. ज्याच्या पावतीवर वर्गणी घेतली त्यानंच हिशेब द्यायचा. एकत्र खातं काढलेली दोन मंडळं मला माहीत आहेत, पूर गेला त्याला सहा वर्षं झाली, हिशेब अजून चालू आहे.

बॅनरचं म्हणाल तर शेवटची सही पडेपर्यंत गल्लीत कुणाचाच बॅनर नको. मांडवाच्या खांबाला एक फळा लावा, त्यावर रोज खडूनं दोनच आकडे: झालेली घरं, राहिलेली घरं. लोकांची नजर त्या आकड्यावर बसली की बॅनरची आठवण आपोआप कमी होते. अगदीच हौस असेल तर शेवटच्या दिवशी सगळ्यांनी घमेली घेऊन एक फोटो काढावा.

एका गोष्टीकडं मात्र आत्तापासून बघा. जुलै संपला की गोविंदा पथकाचा सराव, पाठोपाठ गणपती. मंडळ आणि पथक दोन्ही गल्लीतून उठतील, आणि त्यात गैर काही नाही. पण भिंती तेव्हाही ओल्याच असतात, मुलांची पुस्तकं गेलेली असतात, पंचनाम्याचे पैसे आलेले नसतात. ओल्या भिंतीला रंग लावायची घाई लोक सणामुळं करतात आणि दिवाळीपर्यंत पोपडे येतात. या दिवसांत वही एनएसएसच्या मुलांकडं आणि बचत गटाकडं राहू द्या. आठवड्यातून एक फेरी, राहिलेल्या रकान्यांची. कुणाचा अर्ज कुठं अडलाय ते बघायला दोन माणसं पुरतात, पण ती दर आठवड्याला गेली पाहिजेत.

तर समितीची सभा घ्यायची त्या रविवारी सभा रद्द करा. जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी लाँगबुक आणा, प्लास्टिकचं कव्हर घाला. बचत गटाच्या ताई आणि कॉलेजच्या दोन मुली, तिघींनी नाल्याच्या बाजूनं सुरुवात करून एकेक दार वाजवावं आणि खोली नंबर, माणसं, फोन एवढंच लिहावं. पहिली ओळ मागच्या चाळीतल्या सगळ्यांत शेवटच्या खोलीची. आणि लिहायला शिसपेन्सिल घ्या. दमट कागदावर बॉलपेन उठत नाही, आणि जेल पेनानं लिहिलेलं एका शिंतोड्यात फुटतं.